गवताचं वजन

आमच्या उलव्यात गवताचे दोन भाव होते, एक व्यापाऱ्याचा आणि एक गाईचा. व्यापारी वजनावर घ्यायचा. गवत कधी कापलंय ते गाय मात्र तोंड लावताच ओळखायची.

मिरगाचा पाऊस पडला की टेकडीच्या वरकसावर आठ-दहा दिवसांत हिरवं फुटायचं. उन्हाळाभर काड्या चघळलेली ढोरं त्यावर तुटून पडत आणि चार दिवस पातळ हगत. कोवळ्या गवतात पाणीच फार. श्रावण-भाद्रपदात गाईच्या लोण्यावर पिवळा रंग चढे, तो हिरव्या पानांतल्या कॅरोटिनचा. चैत्रात तेच लोणी पांढुरकं. (म्हशीचं बाराही महिने पांढरंच, तिच्याकडून काही कळत नसे.)

मग गवत तुऱ्यावर येई. आजा म्हणायचा, "तुरा आला का गवताचा जीव बियान गेला. खाली ऱ्हातान त्या काड्या." शास्त्र वेगळं सांगत नाही. तुरा सुटला की प्रथिनं झपाट्याने उतरतात, काडी लाकडासारखी होते. चाऱ्यात ७ टक्क्यांहून कमी प्रथिनं असली की गुरांच्या पोटातले चारा पचवणारे जंतूच उपाशी पडतात. मग समोर गंजी असली तरी ढोर कमी खातं.

तर गवत भाद्रपदातच का नाही कापायचं? वाळवायचं कुठं, वरून पाऊस. पाऊस उघडला की खारातला भात तयार, घरातले सगळे विळे तिकडे. भाताचे भारे खळ्यावर आल्यावर माणसं टेकडीवर चढत, तोवर गवत सोनेरी झालेलं. ते मुंबईच्या तबेल्यांना विकायचं आणि आपल्या गाईपुढे भाताचा पेंढा टाकायचा. पेंढ्यात प्रथिनं फार तर ४ टक्के. वैशाखात गाभण गाय बसली की उठवायला चार माणसं लागत.

आई मग खाडीवरून तिवराचा पाला आणायची. हिरवा, खारट, ढोरं आवडीने खात. पण त्यावर पाणी फार लागे, आणि विहीर तर तळाला गेलेली. एका भाऱ्यामागे चार कळश्या.

एका वर्षी दसऱ्याआधी उघडीप बघून तिने एकटीने बांधावरचं गवत कापलं, ओटीवर, माळ्यावर पसरून सावलीत वाळवलं. हिरवटच राहिलं ते. व्यापाऱ्याने हातात घेतलं, "हलका हाय," म्हणून टाकलं.

"शेट, ह्यो तुमचेसाठी नाय," आई म्हणाली.

त्या वैशाखात आमची कपिली व्याली आणि आपल्या पायांवर उभी राहिली.

आता ती टेकडीच नाही, विमानतळासाठी कापली. ओळखीतला एकजण अजून दोन म्हशी राखून आहे. त्याला म्हटलं, १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपड, दाबून, झाकून २१ दिवस ठेव, कस वाढतो.

"आन् तो पेंढा रचू कुठं?" तो म्हणाला. "गच्चीवर?"