पाणी न मागणारं कुंपण

मुलांनो, अंगणाला कुंपण करायचं म्हटलं, की बरेच जण रोपवाटिकेतून दुरंता आणतात. ती दिसते छान. पण मूळची अमेरिका खंडातली. हिरवीगार ठेवायची तर उन्हाळाभर पाणी घालावं लागतं. आणि आपल्या मराठवाड्यात पाणी आहे कुठं?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. घागरघागर जपून वापरणारे आम्ही कुंपणाला काय देणार? पण आमची निरगुडी पानं गाळून तशीच उभी राहिली आणि पाऊस पडताच पुन्हा पालवली. म्हणून सांगते, कुंपण निवडावं ते आपल्या मातीतलं.

निरगुडी आणि अडुळसा दोन्ही कडू, त्यामुळं शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. काटेरी हवं तर करवंद आहे, सागरगोटा आहे. हो, ज्याच्या बियांनी मुली खेळतात, तोच!

पावसाळा सुरू झाला, की निरगुडीच्या किंवा अडुळशाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या एकेक फुटावर लावा. पहिल्या उन्हाळ्यात मात्र थोडं पाणी द्या, बुडाशी पालापाचोळा पसरा. रोप गुडघ्याएवढं झालं, की शेंडा खुडा. मग बाजूनं फांद्या फुटून कुंपण खालपासून दाट होतं. छाटणीआधी आत डोकावून बघा. बुलबुलाचं घरटं दिसलं, तर कात्री महिनाभर घरातच राहू द्या.

आणि हो, आजीला विचारा बरं, तिच्या लहानपणी गावाकडं कुंपणाला काय लावायचे?