कांकणाला आरसा

पदवीदान समारंभाला उर्दूत ‘जलसा-ए-तक़सीम-ए-असनाद’ म्हणतात. मराठी कानाला यातला एकही शब्द परका नाही, आणि म्हणूनच अर्थ चुकण्याची पुरेपूर सोय आहे. जलसा म्हटले की गाणे आठवते, नाहीतर सत्यशोधकांचा आणि आंबेडकरी शाहिरांचा फड. तक़सीमचे मराठीत ‘तक्षीम’ झाले आणि तो शब्द वतनाच्या वाटणीत, भाऊबंदकीच्या कागदांत जाऊन बसला. असनाद हे सनदेचे अनेकवचन. मराठीतली सनद इनामाची असते, नाहीतर वकिलाची. शब्दाला शब्द ठेवून अर्थ लावला तर गाण्याच्या बैठकीत इनामजमिनीची वाटणी चालली आहे असे काहीतरी निघते. मराठीतला ‘पदवी’ हा शब्दही कमी फसवा नाही. संस्कृतात पदवी म्हणजे वाट, पावलांनी मळलेली. पदवीधर म्हणजे मग वाट धरणारा, आणि वाट धरणे म्हणजे निघून जाणे. ‘दीक्षांत’ या शब्दातही शेवटच आहे. ज्या प्रसंगाला सगळे मिळवण्याचा प्रसंग समजतात, त्याची नावे अशी संपण्याची आणि निघण्याची का, हे कोशात सापडत नाही.

हैदराबादेत महाविद्यालयाचे वर्ष एप्रिल-मेच्या उन्हात संपते. राहिलेल्या विषयाला महाराष्ट्रात ‘एटीकेटी’ म्हणतात, इथे ‘सप्ली’. गुणपत्रिकेला इथे ‘मेमो’ म्हणतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ‘मुलाला मेमो मिळाला’ असे सांगितले की तो हळहळतो, कारण तिकडे मेमो कामचुकार कारकुनाला मिळतो. मेमोनंतर येते प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती पदवी, आणि सर्वांत शेवटी ओडी, ओरिजिनल डिग्री. हातात मेमो आला की मुले नोकरीला लागतात, परदेशी जातात, लग्ने करतात. समारंभ कधीतरी नंतर होतो. त्यावाचून बहुतेकांचे काही अडत नाही. गैरहजेरीत पदवी मिळण्याची सोय असते. अर्ज आणि शुल्क भरले की कागद टपालाने घरी येतो. उलट, ज्यांचे काहीच शिकून झालेले नाही त्यांचे समारंभ मात्र चुकत नाहीत. शहरातल्या कितीतरी शाळांत मार्च महिन्यात युकेजीची पाच-सहा वर्षांची मुले काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून ‘ग्रॅज्युएट’ होतात, आणि पालक मोबाइल उंच धरून उभे असतात.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे मराठीत म्हणतात. जे समोर ढळढळीत दिसते त्याला पुराव्याची गरज नाही. पदवीदानाच्या वेळी ही म्हण हटकून आठवते, आणि आठवते ती समारंभाच्या विरोधात: मुलाला येते की नाही ते त्याच्या कामात दिसेल, झगा कशाला आणि सोनेरी काठाचा कागद तरी कशाला? म्हण एवढ्यावर थांबली असती तर प्रश्न सोपा होता. पण मराठीत म्हणीचा अर्धाच भाग आला आहे. हैदराबादेत ती पुरी ऐकू येते: हाथ कंगन को आरसी क्या, पढ़े-लिखे को फ़ारसी क्या. आरसी आणि फ़ारसी यांचे यमक जुळवण्यासाठी दुसरा अर्धा जोडला असेल, असे म्हणून तो सोडून देता येतो. मराठीने तो सोडलाच आहे. मराठवाड्यात शेकडो वर्षे दप्तराची भाषा फारसी असताना मराठीला हा अर्धा का नको वाटला, हे कोडेच आहे. कदाचित दप्तरातल्या थोड्यांनाच ती भाषा येत होती आणि कांकण मात्र घरोघरी होते, म्हणून.

आता या कांकणाचे. आरसी म्हणजे नुसता आरसा नव्हे. अंगठ्यात घालायच्या, छोटा आरसा बसवलेल्या अंगठीलाही आरसी म्हणतात. म्हणजे म्हणीतले कांकण आणि आरसा एकाच हातावर, वीतभर अंतरावर आहेत. स्वतःचे कांकण पाहायला अंगठ्यावरचा आरसा पुढे करणारी बाई हास्यास्पद दिसते, आणि म्हणीला तेच दाखवायचे असावे. पण तिचा चेहरा? तो तिला त्या अंगठीशिवाय दिसायचा नाही. विद्या हातावरच्या कांकणासारखी आहे की कपाळावरच्या कुंकवासारखी, यावर सारे अडले आहे. कुंकू सगळ्या जगाला दिसते, लावणारीलाच दिसत नाही. वर्गात सगळ्यांना ठाऊक असते की अमुक मुलगी हुशार आहे. तिला स्वतःला ते तिऱ्हाइताने टाळ्यांच्या गजरात सांगेपर्यंत पटत नाही. हैदराबादच्या मुसलमान लग्नांत ‘आरसी-मुसहफ़’ नावाचा विधी असतो. वधूवर एकमेकांचे तोंड आरशात पाहतात, शेजारी कुराण ठेवलेले असते. आरसा तिथे अनावश्यक नाही. पहिल्या नजरेसाठी थेट पाहण्याऐवजी मुद्दाम आरशाची वाट निवडलेली आहे. पदवीदान हा या जातीचा विधी असू शकतो.

शिवाय कांकणांचाही एकच प्रकार नसतो. चारमिनारच्या पायथ्याशी लाड बाजारात लाखेच्या बांगड्या मिळतात. गरम लाखेचा गोळा वळून, गोल करून, त्यात खडे, मणी आणि आरशाचे बारीक तुकडे हाताने एकेक बसवतात. कांकणातच आरसे! ही बांगडी पाहिल्यावर म्हण जागची हलते. त्यात भर म्हणून 2024 मध्ये हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे खुद्द हातच्या कांकणाला सरकारी प्रमाणपत्र. कारण साधे आहे. दुसरीकडचा माल त्याच नावाने खपू लागला की हातावर दिसणारी बांगडी हीच खरी लाड बाजारची, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. गावात सगळे एकमेकांना ओळखत होते तोवर म्हण खरी होती, असे म्हणावे तर बाजार त्या काळीही होतेच.

फारसीकडे वळले की गोष्ट आणखी अवघड होते. ‘पढ़े-लिखे को फ़ारसी क्या’ यात शिकलेला म्हणजे फारसी जाणणारा हे गृहीत आहे. हैदराबाद संस्थानात हे गृहीतक 1880 च्या दशकात मोडले. दरबार आणि न्यायालये यांची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. 1887 मध्ये निजाम कॉलेज निघाले, पण ते इंग्रजीतले आणि मद्रास विद्यापीठाशी जोडलेले. मग सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने 1917 मध्ये फर्मान काढले आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. 1919 मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा विद्यार्थी होते 225. इंग्रजी सक्तीचा विषय, पण शिकवण्याची भाषा उर्दू. त्यासाठी आधीच भाषांतराचा एक विभाग, दार-उल-तर्जुमा, उघडला होता. रसायनापासून कायद्यापर्यंतच्या पुस्तकांना तिथे उर्दू शब्द घडवले जात. संस्थानातल्या मराठी, तेलुगू, कानडी मुलांना संस्थानातल्याच विद्यापीठाची पदवी हवी तर वाट ही होती. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग मोठा होता, यात शंका नाही. ती देशी भाषा परभणीच्या किंवा नांदेडच्या मुलाच्या घरची नव्हती, यातही नाही. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि विद्यापीठाची भाषा इंग्रजी झाली. त्या आधीच्या तीन दशकांत ज्यांनी उर्दूतून गणित शिकले त्यांचे गणित काही बदलले नाही. बदलले ते ऐकणाऱ्यांचे कान.

सरकारी पदव्यांच्या या आरशांत तोंड न पाहणारेही होते. केशवराव कोरटकर हे मूळचे परभणीकडचे, हैदराबादेत वकील आणि पुढे न्यायाधीश. शहरातली विवेकवर्धिनी ही मराठी शाळा त्यांच्या आणि वामनराव नाईकांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी केली. जांबागेतल्या त्याच संस्थेच्या महाविद्यालयातून आज दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात, इंग्रजी माध्यमाचे आणि बहुतेक तेलुगू बोलणारे. केशवरावांनी मुलाला, विनायकरावांना, मात्र दूर हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत पाठवले. तिथली पदवी ‘विद्यालंकार’. इंग्रज सरकारच्या लेखी तिला किंमत नव्हती. विनायकराव पुढे बॅरिस्टरही झाले, आर्य समाजाचे पुढारी झाले, हैदराबाद राज्यात मंत्री झाले, 1957 मध्ये लोकसभेवर निवडून गेले. आणि या साऱ्या काळात त्यांचे नाव होते विनायकराव विद्यालंकार. सरकारमान्य बॅरिस्टरी नावाच्या आधी लागली तर लागली. मान्यता नसलेली पदवी आडनावाच्या जागी जाऊन बसली. अलंकार म्हणजे दागिना. हातचे कांकणच ते, पण कागदावरचे.

याच शहरात आणखी एक नाव तसेच घडले. 1938 मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संघर्ष झाला. विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले आणि अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव हे काढलेल्यांपैकी एक. त्यांच्या पदव्या मग निजामाच्या मुलखाबाहेरच्या, आजच्या महाराष्ट्रातल्या. त्याच चळवळीतले रामचंद्रराव तुरुंगात गेले. फटक्यागणिक त्यांच्या तोंडून एकच शब्द निघत होता, असे सांगतात. पुढे ते जन्मभर ‘वंदेमातरम् रामचंद्रराव’ राहिले. ही पदवी कोणत्या कुलगुरूंनी दिली?

विचारवंत नरहर कुरुंदकरांचे उदाहरण वेगळे पडते. वसमत तालुक्यातला हा मुलगा हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकला, मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. घरात पदवी होती, पुस्तके होती, आणि भाच्याचे पदवीचे शिक्षण मात्र तिथे पुरे झाले नाही. नांदेडच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी राहिलेल्या परीक्षा दिल्या, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले, शेवटी तिथलेच प्राचार्य. त्यांच्या विद्वत्तेला प्रमाणपत्राची गरज नव्हती असे सांगताना ही गोष्ट नेहमी येते. पण एम.ए. झाल्यावाचून कॉलेजचे दार उघडले नसते, हे सांगताना लोक आवाज खाली आणतात. म्हण इथे दोन्ही बाजूंनी साक्ष देते, म्हणजे कोणाच्याच उपयोगाची नाही.

आणि ज्यांच्या कांकणाकडे कोणी पाहणारच नव्हते त्यांचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. औरंगाबाद तेव्हा हैदराबाद राज्यात, आणि मराठवाडा विद्यापीठ व्हायला 1958 उजाडायचे होते. त्यामुळे तिथे शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या दलित मुलांच्या पदव्यांवर नाव हैदराबादच्या विद्यापीठाचे. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ मानत, त्याच्या विद्वत्तेचे कांकण ढळढळीत दिसत असूनही न पाहण्याची सवय गावाला होती. तिथे आरसा कशाला हा प्रश्न फार सुखवस्तू वाटतो. कागदावरचा शिक्का नाकारायला मात्र गावाला जड जाई. 12 जानेवारी 1953 रोजी उस्मानियाने खुद्द बाबासाहेबांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेल्या माणसाला या कागदाने काय मिळाले, की विद्यापीठानेच त्यात आपले तोंड पाहिले?

त्यांचेच नाव आज हैदराबादच्या मुक्त विद्यापीठाला आहे. 1982 मध्ये आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ म्हणून ते सुरू झाले, देशातले या प्रकारचे पहिले. 1991 मध्ये नामांतर झाले. शाळा सुटलेल्या प्रौढाला पात्रता परीक्षा देऊन इथे पदवीला बसता येत असे. वर्ग सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्याच कुठल्यातरी कॉलेजच्या इमारतीत. विद्यार्थी म्हणजे बस कंडक्टर, शिपाई, दुकानात बसणाऱ्या बाया. जन्मठेपेचे कैदीही इथून पदवीधर झाले आहेत. झगा घालून व्यासपीठावर जाण्याची हौस या लोकांना अधिक असावी असे वाटते, आणि सुट्टी मिळणे त्यांनाच सर्वांत कठीण. टपालाने आलेले पाकीट मग घरी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवते. समारंभ झाला तर एवढाच.

पाकिटातल्या कागदावरचे नाव हा शेवटचा मुद्दा. ते दहावीच्या मेमोप्रमाणेच लागते, असा नियम. हैदराबादच्या शाळांत नाव तेलुगू रीतीने लिहितात: आडनावाचे आद्याक्षर आधी, मग मुलाचे नाव, राव असेल तर तो सुटा. मराठी घरातला मुलगा, वडील, आडनाव हा क्रम त्यात मोडतो, वडील कधी कधी पूर्ण गळतात. पंधराव्या वर्षी शाळेच्या कारकुनाने लिहिलेले ते नाव ओडीवर, पासपोर्टवर आणि अमेरिकेच्या व्हिसावर जाते. आजी ज्या नावाने हाक मारते ते कशावरच नसते. तरीही कागद जपला जातो. पूर्वीच्या लोकांनी भिजू नये, कुरतडू नये म्हणून पदव्या लॅमिनेट करून ठेवल्या. परदेशी जाताना साक्षांकनासाठी लॅमिनेट केलेली पदवी सहसा चालत नाही, मूळ कागदावर शिक्का उमटावा लागतो. म्हणून मग कोणीतरी ब्लेडने कडा कापून प्लास्टिक सोलू पाहतो, आणि शाई प्लास्टिकबरोबर वर येते.