नाव नसलेल्या फायली

जुना फोन बंद पडला तेव्हा त्यातलं नखाएवढं कार्ड काढून मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलं होतं. चार जीबीचं. त्यात माझी गाणी होती, पेडण्याला नणंदेच्या घरी झालेल्या लग्नाचे फोटो होते, कुडण्याच्या पडक्या जैन देवळापाशी जांभ्या दगडावर टेकून बसलेली आई होती, आणि आईच्या ओव्या होत्या. २०१३ च्या दिवाळीनंतर ती महिनाभर डिचोलीला आमच्याकडे राहिली होती. तांदूळ निवडायला बसली की आपोआप गुणगुणायची. मी फोनचं बटण दाबून तो ताटाशेजारी ठेवून द्यायची. २०१५ साली ती गेली. त्यानंतर त्या ओव्या मी एकदाही ऐकल्या नव्हत्या. आहेत, एवढंच पुरेसं वाटायचं.

दोन वर्षांनी, चातुर्मासात, हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं मनात आलं. दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपली की संध्याकाळ मोठी होते. कार्ड रीडर लावला, सगळं सिलेक्ट केलं आणि 'कॉपी'ऐवजी 'कट' केलं. घर आवरणाऱ्या बाईची सवय हो, वस्तू उचलली की जागा रिकामी दिसली पाहिजे! हिरवी पट्टी निम्मी भरली असेल नसेल, वीज गेली. पावसाळ्यात वीज जाणं ही काही बातमी नाही. पण वीज आल्यावर कार्ड उघडेना. फॉर्मॅट करायचं का, एवढंच विचारत राहिलं. कॉम्प्युटरवर बघते तर थोडी गाणी आलेली. आईचं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात मोबाइलवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "वयनी, फॉर्मॅट करचें पडटलें. कार्ड बरें जातलें." कार्ड बरं झालं असतं हे खरंच. पण मला कार्ड कुठे हवं होतं?

रात्री पेडण्याला भाच्याला फोन लावला. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. "मामी, आता त्याला हात लावू नका. दुसऱ्या फोनमध्ये घालूनही बघू नका. तसंच घेऊन या." रुमालाच्या गाठीत कार्ड बांधलं, म्हापशाला बस बदलली आणि कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्याला पोचले. नणंद म्हणाली, "एवढ्याशासाठी पावसातून आलीस?" मी काही बोलले नाही.

भाच्यानं कार्ड मोठ्या अॅडॉप्टरमध्ये बसवलं आणि त्याच्या कडेची बारीकशी कळ खाली सरकवली. म्हणजे आता कार्ड वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही. हे अॅडॉप्टर माझ्या घरी कित्येक वर्षं पडून होतं, ती कळ मी कधी पाहिलीही नव्हती. मग तो म्हणाला, "मामी, पुस्तकाची अनुक्रमणिका फाटलीय. पानं आत आहेत. त्यांच्यावर नवं काही लिहिलं गेलं, तरच ती जातील." फोटोरेक नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. तो अनुक्रमणिकेच्या वाटेला जात नाही. फोटो कसा सुरू होतो, गाणं कसं सुरू होतं, त्या खुणांवरून एकेक फाईल हुडकतो. मिळालेलं सगळं त्यानं लॅपटॉपवर उतरवलं, कार्डावर नाही. आम्ही घावणे खात होतो आणि पडद्यावरचा आकडा वाढत होता. हजाराच्या वर गेला.

पण नावं सगळ्यांची गेलेली. एफ आणि पुढे नुसते आकडे. पेनड्राइव्हवर घालून ते ढिगारं मी डिचोलीला आणलं. फोटोंचं फारसं अडलं नाही, कारण फोटोच्या पोटात तो काढल्याची तारीख असते. काही फोटो अर्धे आले, खाली नुसती राखाडी पट्टी. लग्नातल्या नवरदेवाचे पायच नाहीत. गाण्यांच्याही पोटात त्यांची नावं असतात. जुन्या फोनवर मुद्रित केलेल्या आवाजात मात्र यातलं काहीच नसतं. तारीख नाही, नाव नाही. म्हणजे ऐकल्याशिवाय इलाज नाही.

आमच्या केरीच्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. त्याच तबकडीत शंभरावर चित्रंही ध्वनीसारखी कोरलेली आहेत. ती कुणाला सापडली तर कशी वाजवायची, याच्या खुणा वरच काढून ठेवल्यात. त्या लोकांनी केवढा विचार केला! मी माझ्या फायलींना 'आई १', 'आई २' एवढंसुद्धा नाव दिलं नव्हतं.

आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी एकेक फाईल उघडत गेले. मुलाचा पाढा. कुणाच्या तरी बारशातला गलका. दूधवाल्याचा हिशेब, तो मी का घेऊन ठेवला कोण जाणे. मग तांदळाचा ताटातला आवाज आला आणि अंगावर काटा आला. ओव्या पाचच निघाल्या. मला पंधरा-वीस तरी आठवत होत्या. बाकीच्या गेल्या, की मी तेवढ्याच घेतल्या होत्या, हे आता कळायला मार्ग नाही.

पाचवीत मधेच ती थांबते. "अजून चालूच आहे का गं ते? बंद कर. खडे राहतील माझ्या तांदळात." मग माझं हसणं, आणि फाईल संपते.

त्या पाचांना नावं दिली. एकेक प्रत पेडण्याला आणि माहेरी भावाकडे दिली. कॉपी करून, कट नाही.