सासरचे घर वडिलोपार्जित, मग माहेरचे कुणाचे?

आमची ताई नऊ वर्षांच्या संसारानंतर दोन लेकरे घेऊन माघारी आली. तिच्या पिशवीत बचत गटाच्या कर्जाचे पासबुक होते. त्याच कर्जातून तिने सासरच्या घरावर वरची खोली बांधली होती. समेटाच्या बैठकीत सासरच्यांनी एका वाक्यात विषय संपवला, "घर वडिलोपार्जित आहे. सुनेचा काय संबंध?"

आम्ही चिडलो, वकिलाकडे गेलो. तिथे कळले ते असे. आपण बौद्ध असलो तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा आपल्याला लागू आहे. या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप सामाईक होत नाही. घर ज्याच्या नावावर, त्याचे. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात. आपल्याकडे बाईला पोटगी मागता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामाईक घरात राहण्याचा हक्क मिळतो. ते घर सासऱ्याच्या नावावर असले तरी हा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. खोलीला घातलेला पैसा मागायचा तर पुरावा लागतो, आणि विटा-सिमेंटची बिले नवऱ्याच्या नावावर होती.

मग वकिलांनी सहज विचारले, "माहेरच्या घरात ताईंचा हिस्सा असेल ना?"

आम्ही गप्प बसलो. वडील गेल्यावर आई आणि आम्ही सगळी भावंडे त्या घराचे सारखे वारस होतो. पण ताईचे लग्न ठरले तेव्हा आम्ही भावांनीच तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. "लग्नाचा खर्च आम्ही करतोच आहोत," एवढेच तिला सांगितले होते. तिने विचारले नाही, आम्ही समजावले नाही. समाजशास्त्रात एम.ए. करताना पितृसत्तेवर पानेच्या पाने लिहिली होती. ती सही मात्र आम्हाला पितृसत्ता वाटली नाही, रीत वाटली.

मुलीला वारसाहक्क, स्त्रीला तिच्या संपत्तीवर पूर्ण मालकी आणि घटस्फोटाचा अधिकार, हे सारे हिंदू कोड बिलात होते. ते बिल रखडवले गेले, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्यामागचे एक मोठे कारण. दर १४ एप्रिलला आम्ही हे भाषणात सांगतो, आणि बहिणीची सही घेताना विसरतो.

सासरच्यांना जाब विचारण्याआधी आम्ही घरात बैठक घेतली. धाकट्याने मुद्रांक शुल्काचे कारण काढले. आई म्हणाली, "तिच्या लग्नाच्या मांडवाला खर्च झाला तेव्हा कुणी हिशेब केला नव्हता." आता तिचा हिस्सा नोंदणीकृत बक्षीसपत्राने तिच्या नावावर करण्याची कागदपत्रे तयार होत आहेत. वरच्या खोलीसाठीचा तिचा दावाही सुरू आहे.

मित्रहो, विहारात लग्न लावताना हुंडा घेणार नाही असे आपण सांगतो. त्याच वेळी, बहिणीकडून हक्कसोड घेणार नाही, हेही सांगायला सुरुवात करू. आणि बाईने घराला पैसा लावला तर पावती तिच्याच नावाची घ्यायला लावू.

जयभीम.