लाजेपायी तुंबलेले दुखणे

ज्या दुखण्याविषयी आज लिहीत आहोत, ते चारचौघांत बोलायचे नाही, असा आपल्याकडे अलिखित कायदाच आहे. गुडघे दुखतात हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठ असते, छातीत कळ आली तर माणूस ओट्यावर बसून सविस्तर सांगतो. पण लघवीला त्रास होतो, हे पुरुष स्वतःच्या बायकोलाही सांगत नाही. आम्ही कचेरीत कारकुनी करतो आणि उरलेला वेळ वस्तीच्या कामात घालवतो. रक्तदानाची शिबिरे घेतली, डोळे तपासणीची घेतली, व्यसनमुक्तीवर भाषणे ठोकली. आणि आमच्याच घरातले वडीलधारे माणूस वर्ष-दीड वर्ष गुपचूप सोसत होते, याचा आम्हाला पत्ता नव्हता.

आमचे मामा अकोल्यातच, आमच्यापासून दोन वस्त्या पलीकडे राहतात. सफाई खात्यातून निवृत्त झालेले, तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. 6 डिसेंबरला दादरला जाणे त्यांनी सहसा कधी चुकवले नाही. जनरल डब्यात, दाराशी उभे राहूनही गेले. 2022 साली मात्र म्हणाले, "पाय साथ देत नाई बाबू, तुमी जा." आम्ही खरे मानले. 2023 सालीही तेच. शिवाय लग्नाकार्यांना यायचे बंद झाले, एसटीचा प्रवास नको म्हणू लागले, संध्याकाळी पाचनंतर पाणी पिईनात. आम्ही मनाशी म्हटले, म्हातारपणी माणूस हेकट होतो.

खरे कारण असे होते की गर्दीच्या डब्यात संडासापर्यंत पोचता येत नाही, आणि मामांना दर तासाला जावे लागत होते. गेले तरी धार लागत नव्हती. उभे राहायचे, वाट पाहायची, थेंब थेंब व्हायचे, आणि परतून बसले की पुन्हा तीच भावना. रात्री चार-पाच वेळा उठणे. मामींना यातले बरेच ठाऊक होते. धोतर ओले होते हे धुणाऱ्या बाईपासून लपत नाही. पण त्यांनीही "वय झालं, आता असंच चालते" म्हणून सोडून दिले. आम्ही विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. आम्ही विचारले नाही.

2023 च्या डिसेंबरात, आम्ही दादरहून परतलो त्याच आठवड्यात, मामांना सर्दी झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलातून सर्दीच्या गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या रात्री दोन वाजता मामेभावाचा फोन आला. लघवी पूर्ण बंद, पोट माठासारखे फुगलेले, मामा ओरडताहेत. रिक्षाने सरकारी रुग्णालयात नेले. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "सर्दीची गोळी घेतली होती का?" आम्ही चाट पडलो. त्यांनी समजावले, की सर्दीच्या कित्येक गोळ्यांतल्या औषधाने मूत्राशयाचे तोंड आवळले जाते, किंवा मूत्राशयाचा जोर कमी होतो. तरुणाला ते जाणवत नाही. ज्याची वाट आधीच अरुंद झाली आहे, त्याची मात्र पुरती बंद होऊ शकते. लगेच नळी, म्हणजे कॅथेटर, टाकली. पिशवीत अकराशे मिलिलिटर लघवी जमा झाली. साधारण चारशे-पाचशे मिलिलिटरला माणसाला राहवत नाही. मामांचे मूत्राशय हळूहळू ताणत इतके गेले होते की दुखणेही विसरले होते. धोतर भिजायचे ते यामुळेच. भरलेल्या टाकीतून पाणी ओघळावे तसे.

आता ही वाट अरुंद का होते, ते आम्हाला कळले तसे सांगतो. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, पण दवाखान्यात कुणी तसे म्हणत नाही. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची वाढू लागते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. काहींची थोडी वाढून भागते, काहींची आतून नळी दाबते. बाहेरच्या आकारावरून त्रासाचा अंदाज करता येत नाही, असेही डॉक्टर म्हणाले. लहान ग्रंथीचा माणूस बेजार आणि मोठ्या ग्रंथीचा मजेत, असे त्यांच्या पाहण्यात रोज येते.

दुसऱ्या दिवशी तपासण्या सुरू झाल्या. सोनोग्राफीत ग्रंथी सत्तर ग्रॅमची निघाली, आणि दोन्ही किडन्या सुजलेल्या. मागे तुंबलेल्या लघवीचा दाब वर किडनीपर्यंत गेला होता. रक्तातले क्रिएटिनिन 3.1. हा आकडा ऐकून आम्ही डॉक्टरांकडे बघतच राहिलो. पुरुषांमध्ये ते साधारण सव्वाच्या आसपासपर्यंत असावे लागते. मामांनी लाजेपायी सोसले ते नुसते लघवीचे नव्हते, किडनीचेही होते.

त्यात घरच्या एका हुशार नातलगाने भर घातली. नळी घातलेली असतानाच खासगी लॅबमध्ये पी.एस.ए. नावाची रक्ततपासणी परस्पर करून आणली. 14 आले. कागदावर छापले होते, 4 पर्यंत ठीक. घरात रडारड सुरू झाली, मामींनी अन्न सोडले. युरॉलॉजीच्या ओ.पी.डी.तल्या मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "लघवी तुंबली, नळी घातली, जंतुसंसर्ग झाला, की हा आकडा वाढतोच. आता याचा अर्थ लावू नका, सहा आठवड्यांनी पुन्हा करू." मग बोट घालून तपासले. मामांनी या तपासणीला आधी साफ नकार दिला होता. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात उरकले आणि सांगितले, ग्रंथी मऊ आणि गुळगुळीत आहे, गाठ लागत नाही. सहा आठवड्यांनी पी.एस.ए. 5.2 आले. एवढ्या मोठ्या ग्रंथीला ते फार नव्हे, तरी खात्रीसाठी एम.आर.आय. केला. संशयास्पद जागा दिसली नाही, म्हणून सुईने तुकडा काढायची वेळ आली नाही. पूर्वी आकडा वाढला की थेट सुई घालीत. आता आधी एम.आर.आय. करण्याकडे कल आहे.

औषधे दोन प्रकारची असतात, तेही कळले. टॅम्सुलोसिन ग्रंथीचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, गुण काही दिवसांतच दिसतो; पण उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ते जेवणानंतर घ्यायचे आणि अंथरुणातून सावकाश उठायचे. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथी आकुंचित करतात, पण त्यांना सहा महिने द्यावे लागतात, आणि त्यांनी पी.एस.ए.चा आकडा जवळजवळ निम्मा होतो. म्हणून ही गोळी चालू असेल तर पुढच्या डॉक्टरला सांगावेच लागते. आपले लोक डबीतली गोळी दाखवतात, नाव सांगत नाहीत. चिठ्ठी जपून ठेवावी.

मामांच्या किडनीवर ताण आलेला होता, म्हणून नुसत्या गोळ्यांवर भागण्यासारखे नव्हते. 2024 च्या फेब्रुवारीत दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. पोटावर टाका नाही. कमरेत इंजेक्शन देऊन लघवीच्या वाटेनेच आत जाऊन ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात. मोठ्या शहरांत हेच काम लेझरनेही करतात. काढलेला भाग तपासायला पाठवला, त्यातही कॅन्सर नव्हता. तीन दिवस नळी होती, सलाइनने सतत धुणे चालू होते. पिशवीतले लाल पाणी पाहून मामी घाबरल्या, ते हळूहळू गुलाबी आणि मग स्वच्छ झाले. पाचव्या दिवशी घरी आलो. पुढे महिना-दीड महिना वजन उचलू नका, शौचाला जोर लावू नका, एवढे पथ्य.

ऑपरेशनआधी मामांचा एक प्रश्न होता, जो त्यांनी आम्हाला तीन दिवस विचारला नाही आणि चौथ्या दिवशी भिंतीकडे पाहून विचारला. पुरुषपण जाते काय? आम्ही तो तसाच डॉक्टरांना विचारला. त्यांनी सरळ उत्तर दिले. पुरुषपण बहुधा जात नाही. वीर्य मात्र बाहेर न येता उलट मूत्राशयात जाते आणि पुढे लघवीतून निघून जाते. हे बहुतेकांच्या बाबतीत होते, आधी माहीत असले की धसका बसत नाही. मूल हवे असलेल्या तरुण माणसाने यावर आधी बोलून घ्यावे. एवढे ऐकून मामा त्या रात्री शांत झोपले. रेल्वेलाइनच्या भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' वैद्यांचा सगळा धंदा हाच प्रश्न न विचारल्यामुळे चालतो!

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. आमची कारकुनी इथे कामी आली. रेशनकार्डावर नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून दुरुस्ती केली. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते, हे आधी त्यालाच विचारावे, आणि घरातल्या सर्वांची नावे आजारी पडण्याआधी जुळवून ठेवावीत.

मामांच्या खाटेपाशी बसून आम्हाला स्वतःचे आठवले. आम्ही सत्तेचाळीसचे, आणि रात्री तीनदा उठत होतो. आम्हालाही वाटले, झाली आमची ग्रंथी. त्याच डॉक्टरांनी सात प्रश्नांचा कागद दिला. धार, थांबणे, घाई, जोर, रात्रीचे उठणे, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. आमचे नऊ आले. मग म्हणाले, तीन दिवस वही ठेवा. किती प्यालात, किती वाजता किती लघवी झाली. आम्ही बी.कॉम. झालेलो, आवक-जावक लिहिण्यात हयात गेली. प्लॅस्टिकच्या मापाचा मग आणला. वहीत दिसले की रात्री प्रत्येक वेळी चारशेच्या घरात होते. डॉक्टर म्हणाले, वाट अडली असती तर थोडे थोडे झाले असते. इथे लघवीच जास्त तयार होते आहे. साखर तपासली. उपाशीपोटी 212. आमचे दुखणे ग्रंथीचे नव्हते, मधुमेहाचे होते. आता गोळ्या चालू आहेत आणि रात्रीचा एकच फेरा.

त्यानंतर एका रविवारी वस्तीच्या समाजमंदिरात डॉक्टरांचे बोलणे ठेवले. पुरुष मागे भिंतीला टेकून बसले, एकानेही हात वर केला नाही. शेवटी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव न लिहिता टाका म्हटले. तेवीस आल्या. एका चिठ्ठीत लिहिले होते, लघवीतून रक्त गेले, दुखले नाही, दोन दिवसांत थांबले, म्हणून कुणाला सांगितले नाही. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. न दुखता गेलेले रक्त थांबले म्हणून सोडायचे नाही, त्यातही विडी-तंबाखूवाल्याने तर मुळीच नाही. मूत्राशयाच्या कॅन्सरची सुरुवात कधी कधी अशीच असते. चिठ्ठी कुणाची होती ते कळले नाही. दोन दिवसांनी एकजण आमच्या घरी आला आणि चपला न काढताच दारात उभा राहून म्हणाला, ओ.पी.डी. कोणत्या वारी असते? आम्ही काही न विचारता त्याच्यासोबत गेलो.

मामांचे क्रिएटिनिन 1.6 वर येऊन थांबले आहे. त्याखाली येईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. दर तीन महिन्यांनी तपासावे लागते, दुखण्याच्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत. 2024 च्या 6 डिसेंबरला ते आमच्याबरोबर दादरला आले. भुसावळला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून हात काढून त्यांनी पाण्याची बाटली घेतली आणि आमच्यासमोर अर्धी रिकामी केली.