ना धड पाण्यात, ना धड हवेत

गळाने मासे धरणे आम्हा गोंयकारांना कुणी शिकवायला नको. मानशीकडे बसावे, गरीला जिवंत सुंगट लावावे आणि चोणकाची वाट बघावी. त्यामुळे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माशीने ट्राउट पकडतात हे ऐकून मला हसूच आले होते. स्विंडनला राहणाऱ्या मावसभावाने विंचेस्टरजवळच्या इचेन नदीवर नेले, तेव्हा कुठे त्यातले मर्म समजले.

इचेन चुनखडीतून झिरपून येते. पाणी इतके निवळ की तळातला मासा काठावरून दिसतो. मेफ्लाय हे या माशाचे एक आवडते खाणे. हा कीटक कित्येक महिने, काही जातींत दोन वर्षे, पाण्याखाली काढतो. मग वर येतो, कात फाटते, पंख बाहेर पडतात. हे चालू असताना तो पाण्याच्या पापुद्र्यात अडकलेला असतो. ना पळता येत, ना उडता. याच अवस्थेची नक्कल म्हणजे 'इमर्जर'.

तो कधी लावायचा? मासा वर येऊन गेल्यावर बुडबुडा राहिला, तर त्याने वर तरंगणारी माशी हवेसकट गिळली असे समजावे. नुसती पाठ दिसली आणि बुडबुडा नाही, तर तो पापुद्र्याखालीच चरतो आहे. तेव्हा इमर्जर! निवडताना आधी आकार बघावा, मग ती पाण्यात कशी बसते ते, रंग शेवटी. हान्स व्हान क्लिंकेन या डच गळकऱ्याने १९८० च्या दशकात केलेल्या 'क्लिंकहॅमर'चे अंग पाण्याखाली लोंबते आणि तुरा वर राहतो. बदकाच्या तेलग्रंथीजवळच्या पिसांची माशीही उत्तम, कारण ती पिसे हवा धरून ठेवतात. मात्र त्यांना नेहमीचे मलम चोपडले की ती चिकटून बसतात.

माशी माशाच्या वरच्या अंगाला टाकून प्रवाहाबरोबर मोकळी वाहू द्यावी. दोऱ्याने ती जराही ओढली गेली की मासा फिरकत नाही. तुरा हळूच नाहीसा झाला की हिसका न देता काठी उचलायची, बस्स.

यावरून इंग्लंडात मोठे वादही झाले. हॅलफर्डच्या अनुयायांना तरंगणारी माशीच शास्त्रशुद्ध वाटे. याच इचेनवर मासे धरणाऱ्या स्क्यूजने १९१० च्या आपल्या पुस्तकात पाण्याखालच्या कीटकाची बाजू मांडली. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा झाली. मला स्क्यूजचे पटते. मासा काय खातो ते बघावे, नियम मागाहून.

भावाने धरलेला मासा परत सोडला. मग हातातली ती चिमुकली माशी दाखवत म्हणाला, "पासपोर्ट करून इथे आलो ना, पहिली दोन वर्षे आमची गत अशीच होती रे. तळ सुटलेला आणि पंख ओलेच."

मी काहीच बोललो नाही. नदीत पुन्हा एक पाठ दिसली, बुडबुडा नव्हता.