नाव आणि नोंद
नांदेडहून लातूरला बिऱ्हाड हलविले, तेव्हा घरच्या लिनक्स संगणकाचे नावही आम्ही बदलले. तेव्हापासून ‘सुडो’ची प्रत्येक आज्ञा ‘होस्ट सापडत नाही’ असे बजावू लागली. पुढे तर अचूक पासवर्ड देऊनही प्रवेशाचाच पडदा पुन्हा समोर येई. या स्मरणिकेसाठी जमविलेले वसतिगृहमित्रांचे पत्ते आत अडकले होते.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून आम्ही अक्षरी पडद्यावर शिरलो. ‘होस्टनेमसीटीएल’ नाव बदलते ते ‘होस्टनेम’ फायलीत; ‘होस्ट्स’मध्ये जुनेच राहते. तेथे १२७.०.१.१ पुढे नवे नाव लिहिले. ‘एक्सऑथॉरिटी’ फाइल रूटच्या मालकीची झाली होती. ती आमच्या नावे केली. दार उघडले, पत्ते हाती आले.

गाव सुटलेल्या आपणा सर्वांस एवढेच सांगणे : आपलीही नवी नोंद शाळेकडे अवश्य करावी.